अंड्याचा अंगरखा

मित्रांनो, माझ्यात पाणी ओतलंत तर क्षणभरही थांबणार नाही. पण अंडी ठेवलीत तर एकालाही तडा जाऊ देणार नाही. ग्वानमियाओ गावच्या एका म्हाताऱ्या बुरुडाने बांबूच्या कोवळ्या कामट्या सोलून मला विणलं. मी तैवानमधल्या तैनानच्या श्यूओबाईंची टोपली. घरात आता त्यांना सगळे आमा म्हणतात, म्हणजे आजी.

पहाटे आमा खुराड्यात हात घालायच्या आणि कोमट अंडी माझ्यातल्या भाताच्या तुसावर अलगद ठेवायच्या. ती कधी धुवायच्या नाहीत. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसायच्या, बस्स. मग मी दिवसभर मोरीपलीकडच्या गार कोपऱ्यात बसून राही. नातू पाओ महिन्याचा झाला तेव्हा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, उकडून लाल रंगवलेली अंडी माझ्यातूनच गल्लीभर वाटली गेली. "टोपली आहे की पाळणा!" शेजारणी म्हणाल्या. मी किती फुलले असेन!

पुढे सून च्याओयिंग ताइपेची नोकरी सोडून तान्ह्याला घेऊन इथेच राहायला आली. पोरगी शिकलेली आणि काळजीने अर्धी झालेली. पाओला शिंक आली तरी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. पाओ दहा महिन्यांचा होऊन वाफवलेलं अंडं खाऊ लागला, तेव्हा तिने माझ्यातली सगळी अंडी नळाखाली धरून घासणीने घासली आणि फ्रिजमध्ये रचली.

"आई, यांच्यावर केवढे जंतू असतात, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"तुझा नवरा हीच अंडी खाऊन एवढा ताडमाड झाला. त्याला विचार जंतूंचं!" आमा म्हणाल्या.

मी खुंटीवर गेले. पण आमांना राहवेना. गारठलेलं अंडं लेकराच्या पोटात गारठा धरतं, असं त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं. म्हणून सुनेचा डोळा चुकवून त्यांनी ती अंडी फ्रिजमधून काढली आणि पुन्हा माझ्यात ठेवली. बाहेर तैनानचा दमट उन्हाळा. बघता बघता अंड्यांना घाम फुटला आणि माझ्या कामट्या ओल्या झाल्या. काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, पण टोपलीला कुठून आली वाचा?

च्याओयिंगला वाटलं, फ्रिजमधली अंडी आमांनी संपवली आणि ही कोंबड्यांची नवी, ताजी अंडी. ती रोज त्यातलं एक घेई. आठवड्याने तिने एक अंडं वाटीत फोडलं आणि घरभर घाण सुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. कालच तिने पाओला याच टोपलीतलं अंडं भरवलं होतं.

"ही कुठली अंडी, आई? खरं सांगा!"

"तूच धुतलेली," आमा पुटपुटल्या. "मी फक्त बाहेर काढली. लेकराला बाधू नयेत म्हणून गं."

"धुतलेली अंडी बाहेर? या उकाड्यात?" च्याओयिंगने उरलेली अंडी काढून टाकली आणि मला परसात भिरकावलं.

तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण शिजवलं होतंत ना, मग घाबरू नका, पण लक्ष ठेवा. तो दिवस दोघींनी पाओच्या कपाळावर आळीपाळीने हात ठेवत काढला.

सकाळी पाओ हसत उठला आणि आमांची वेणी ओढू लागला. त्याला कडेवर घेऊन च्याओयिंग परसात आली, आणि थबकली. तांबडी कोंबडी माझ्यात बसली होती. ती किंचित उठली, आणि मित्रांनो, माझ्यात उरलेल्या तुसावर एक अंडं उतरलं. ओलं. नुकतं चाटून काढलेल्या वासरासारखं चकचकीत. मग वारा लागला आणि च्याओयिंगच्या डोळ्यांदेखत ती ओल आटत गेली, चकाकी मालवली, अंड्यावर मऊ, निस्तेज साय धरली. जंतू आत शिरू नयेत म्हणून कवचाच्या हजारो बारीक छिद्रांवर कुणीतरी न दिसणारा अंगरखा ओढला होता. जन्मभर अंडी वाहिली मी, तरी तेव्हा माझ्याही कामट्या शहारल्या.

"आई, लवकर या!" तिने हाक मारली. "पाओ झाला तेव्हा त्याच्या अंगावर असाच लेप होता. नर्स म्हणाली होती, लगेच धुऊ नका, तो त्याला जपतो."

"आणि माझ्या अंड्यांना तू घासणी लावलीस!"

"आणि तुम्ही उघडी पडलेली अंडी उकाड्यात ठेवलीत!"

दोघी एकदम हसल्या. मग आमांनी बाहीनेच डोळे पुसले.

मित्रांनो, अंडं धुणारीही चुकत नाही आणि न धुणारीही. धुतलंत, तर त्याचा अंगरखा गेला; मग त्याला फ्रिजमध्येच राहू द्या, बाहेर काढून विसरू नका. नाही धुतलंत, तर सावलीत ठेवा, लवकर संपवा. उन्हाळा फारच तापला तर न धुताच फ्रिजमध्ये ठेवा. नीट शिजवा. पण दोन मायाळू हातांनी एकमेकांना न विचारता अर्धी अर्धी काळजी घेतली, की बिचाऱ्या अंड्याला कुणीच उरत नाही.

म्हणून काळजी घ्याल तेव्हा घरात बोलून घ्या. आणि कधी ताजं अंडं हाती आलं, तर क्षणभर तसंच धरा. ते उबदार असतं.