कोळशाच्या पेटीमागची चावी

कलकत्त्याला खिदिरपूरच्या त्या जुन्या घरात संडासाची साखळी एकदा ओढली, की वरची टाकी पुन्हा भरेपर्यंत माणसाची दाढी होऊन पेपरही वाचून होई. रघुनाथरावांची तक्रार नव्हती. कस्टम्समधून निवृत्त झालेल्या माणसाला कसली घाई? तक्रार सुनेची होती. मुलाने, श्रीकांतने, बालीगंजला नवा फ्लॅट बघून ठेवला होता, आणि सरोजने आवाज न चढवता सांगितलं होतं, की रविवारपर्यंत टाकी सुधारली तर राहू, नाहीतर सामान बांधू.

रघुनाथरावांना सामान बांधायचं नव्हतं. कालिंदी लग्न होऊन याच घरात आली होती, आणि गेल्या वर्षी याच घरातून गेली. पण हे कारण सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी बालीगंजचे डास फार मोठे असतात असं सांगून पाहिलं. खिदिरपूरचे तरी कुठे उपाशी आहेत, असं सरोजने विचारलं.

मिस्त्री आला आणि टाकीच बदला म्हणून गेला. शनिवारी रघुनाथराव धोतर खोचून स्वतः शिडीवर चढले. टाकीतला चेंडू नीट वरखाली होत होता. नळीच्या तोंडाशी गंगेचा गाळ बसला होता, तो काढला. साखळी ओढली. पाणी तरीही पुजाऱ्याने तीर्थ द्यावं तसंच पडत राहिलं.

मग नळी चाचपत ते मागच्या अंगणात पोचले. कोळशाच्या पेटीमागे नळीची चावी होती, जेमतेम उघडी, आणि तिच्यावर साडीच्या काठाची चिंधी गुंडाळून करकचून गाठ मारलेली. गाठ त्यांनी लगेच ओळखली. लोणच्याच्या बरणीचा दादरा कालिंदी अशीच बांधायची. तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे.

ती कलकत्त्यात नवीन असताना त्यांनी मोठ्या ऐटीत माहिती पुरवली होती, की इथे पिण्याचं पाणी वेगळं, आणि संडासाला थेट नदीचं, न गाळलेलं.

"म्हणजे गंगा?" तिने विचारलं होतं. "काशीहून आणलेला गडू देव्हाऱ्यात ठेवायचा, आणि इथे साखळी ओढायची?"

ते आठवडाभर हसले होते. तिने वाद घातला नाही. पुढे टाकी हळू भरू लागली तेव्हा या बाजूला पाण्याला जोरच नाही म्हणाली, आणि जहाजांच्या तळातून चोरटी घड्याळं हुडकून काढणाऱ्या या गृहस्थाने ते जन्मभर खरं मानलं.

ते पेटीवरच बसले. हसू आलं, आणि नुसतं हसूच आलं असंही नाही.

सरोज बघायला आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही.

"मग सोडा ना मामंजी."

"तूच सोड. मला ती गाठ कधी सुटली नाही."

सरोजने नखांनी गाठ सोडवली, चावी पूर्ण फिरवली. वर टाकीत धबधबा कोसळल्यासारखा आवाज झाला. दोघं ऐकत राहिले. आवाज रघुनाथरावांना परक्या घरातला वाटला.

सरोजने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग चावी थोडी मागे घेतली, चिंधी पुन्हा गुंडाळली आणि सासूबाईंसारखी जमते का बघत गाठ मारली.

"एवढं पाणी पुरे," ती म्हणाली. "सासूबाईंचं मनही राहील."

रविवारी श्रीकांतने सामानाचं विचारलं, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. बालीगंजचे डास म्हणे फार मोठे असतात, एवढंच तिने त्याला सांगितलं.