काळ्या झग्याआडचा सांधा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कठड्यांवरसुद्धा माणसं चढून बसली होती. पडद्यावर चाकाच्या खुर्चीत वासिल्का नावाची बाई, मांडीवर घोंगडी. समोर काळ्या पायघोळ झग्यातला बंधू एव्लोगी, हात आभाळाकडे. तो तिच्याभोवती एक फेरी मारतो, कॅमेऱ्याच्या अगदी पुढून जातो, आणि बाई ताडकन उभी! चालते, हसते, रडते. तिच्यासोबत सगळं सभागृह रडलं. मिंकामावशीने तर शेजाऱ्याच्याच रुमालात नाक शिंकरलं.

"ना कात्री, ना जोड!" खुद्द एव्लोगी व्यासपीठावरून गरजला. "एक कॅमेरा, एक श्वास, एक देव! डॉक्टर काय देतो? गोळी. गोळी कोण घेतो? ज्याला शंका आहे तो! खिशातली गोळी म्हणजे काळजातला किडा. उद्या सकाळी नदीवर या. गोळ्या, सुया, सगळं पाण्यात सोडा आणि नाचत घरी जा!"

सगळ्यात मागे, प्रोजेक्टरपाशी रादोस्तिना उभी होती. गावातली लग्नं चित्रित करून त्यांच्या फिल्म तीच बनवायची, त्यामुळे व्हिडिओ दाखवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं होतं. तिचं लक्ष मात्र पडद्यापेक्षा पहिल्या रांगेत होतं. तिथे तिची आई बसली होती, स्तामेना. साखरेचा आजार, तळपायाला जखम. उद्या प्लोवदिव शहरातल्या दवाखान्यात भरती झाली नाही तर पाय हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नदीचं बोलावणं सकाळपासूनच गावभर फिरत होतं, आणि त्यावरून दुपारीच मायलेकींचं वाजलं होतं.

"डॉक्टर पाय कापायची भाषा करतो, हा माणूस पाय देतो. मी कुणाचं ऐकू?"

"आई, निदान आजचं इन्सुलिन तरी घे गं."

"पर्समध्ये आहे. उद्या नदीला वाहीन."

आता लोक ओरडत होते, "पुन्हा दाखवा! पुन्हा!" एव्लोगीने उदार मनाने मान डोलावली. रादोस्तिनाने व्हिडिओ पुन्हा सुरू केला, आणि झगा पडद्यावरून सरकला तसं तिच्या डोक्यात चमकलं. अगं बाई, हा झगा म्हणजे तर दिंकोमामाची पाठ!

दिंकोमामा म्हणजे गावातली सर्वात रुंद पाठ. लग्नात नवरदेव अडखळला, अंगठी घरंगळली, की रादोस्तिना मामाची पाठ कॅमेऱ्यासमोर कधी येते ते शोधायची. पाठीने पडदा काळा झाला की त्या काळोखात एक दृश्य संपवायचं आणि तिथूनच दुसरं सुरू करायचं. वर गाणं सलग चालू ठेवायचं. कुणाच्या बापाला सांधा दिसत नाही. अट एकच, कापायची जागा नेमकी हवी. सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात, त्यातलं एक जरी चुकलं तरी बिंग फुटतं.

तिने व्हिडिओ थांबवला. त्यातलं भक्तिगीत मध्येच तुटलं.

"काय गं, वीज गेली का?" मिंकामावशी ओरडली.

"वीज आहे मावशी. बंधूंनी सांगितलंय ना, कात्री नाही? मग एकेक चित्र सावकाश बघू या. चमत्कार नीट तरी दिसेल."

एव्लोगी घाईघाईने म्हणाला, "देवाचं काम असं तुकड्यातुकड्याने बघू नये, मुली!"

"का? देवाला घाई आहे?" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोनचार जण हसले.

रादोस्तिना एकेक चित्र पुढे सरकवू लागली. झगा. झगा. नुसता काळोख. मग काळोखाच्या कडेला खुर्चीच्या हातावर ठेवलेला बाईचा हात, मनगटावर लाल-पांढरा धागा. पुढचं चित्र. तीच खुर्ची, तसाच हात, पण धागा गायब.

ती एकदा मागे गेली, एकदा पुढे आली. धागा आहे. धागा नाही. धागा आहे. धागा नाही. जोडणाऱ्याने पहिलं दृश्य एकच चित्र उशिरा कापलं होतं.

सभागृहात कुजबूज सुरू झाली. तो धागा सगळ्यांच्या ओळखीचा होता. मार्तेनित्सा म्हणतात त्याला; ती एक मार्चला मनगटावर बांधायची आणि वर्षातला पहिला करकोचा दिसला की सोडून झाडाला अडकवायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"देवदूताने सोडला!" एव्लोगीने घाम पुसला. "बंधनं तुटली, धागाही तुटला!"

"देवदूताने?" मिंकामावशी उठलीच. "बाईला पाय देणारा देवदूत तिची मार्तेनित्सा कशाला चोरेल रे? त्याला वर करकोचे कमी पडले?"

हशा पिकला. स्तामेना मात्र हसली नाही. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. तिथे धागा होता.

"करकोचे येऊन बरेच दिवस झाले," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळ्यांचे हात मोकळे झाले, माझाच राहिलाय. पायामुळे मी घराबाहेरच पडले नाही, करकोचा कुठून दिसणार? खुर्चीतल्या बाईलाही दिसला नाही. पण जी उठून चालली, ती बाहेर हिंडतफिरत होती. तिने पाहिलाय." तिने मान वर केली. "या दोन बाया आहेत."

"बहिणी असतील," मिंकामावशी डोळे बारीक करून म्हणाली. "नाक सारखंच आहे."

स्तामेना काठी टेकत उभी राहिली. "म्हणजे ती पहिली अजून खुर्चीतच आहे. होय ना रे? तिच्या गोळ्याही नदीत टाकायला लावल्यास?"

एव्लोगी ध्यानाची वेळ झाल्याचं पुटपुटला आणि झगा सावरत बाजूच्या दाराने सटकला. झग्यात पाय अडकून उंबरठ्यावर आपटलासुद्धा. या खेपेला मध्ये काही कापायची सोय नव्हती.

लोक रादोस्तिनाकडे बघत होते. तिला भाषण येत नव्हतं. राग आणि रडू एकदमच आलं होतं.

"देवाला मानायचं तर खुशाल माना," ती म्हणाली. "पण कुणी चमत्कार दाखवला की म्हणा, थांब, मागे घे, पुन्हा दाखव. बरी झालेली बाई समोर आण. खरं असेल ते दुसऱ्यांदा बघितल्याने खोटं होत नाही. आणि औषध सोडायला सांगणारा कितीही गोड बोलला तरी त्याचं ऐकू नका. पाय तुमचा जाणार आहे, त्याचा नाही."

स्तामेनाने पर्स उघडून इन्सुलिन बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर बाही वर सरकवली.

"टोच," ती लेकीला म्हणाली. "आणि उद्या मला दवाखान्यात सोडलंस की माझ्या उशाशी बसून राहू नकोस. आधी खुर्चीतल्या त्या बाईला शोध."