साखरेच्या कुलपावरचा पहारा

इस्त्रीवाल्या मावशीला त्या कुत्र्याच्या पिल्लापासून मिळणार तरी काय होतं? मुलं परगावी, काका मोजकं बोलणारे. दुपारी टेबलाखाली कुणी शेपूट हलवलं असतं, एवढाच काय तो लाभ.

मित्रांनो, मी त्याच पिल्लाच्या आतड्यातलं एक जुनं प्रथिन आहे. जुनं म्हणजे नऊ दिवसांचं. आमच्यात तेवढ्यात केस पिकतात. बाहेरचं बोलणं मला कसं कळलं ते विचारू नका. आत्मवृत्तात एवढी सवलत असते.

माझं काम बसून राहण्याचं. पेशीतल्या जनुकांवरून विकरं बनतात आणि विकरं अन्न पचवतात. दुधातली साखर फोडणाऱ्या विकराचं जनुक जन्मापासून उघडं असतं. तुमच्या डब्यातली साखर फोडणाऱ्याचं मात्र बंद, आणि त्या कुलपावर मी. दूध सुटायच्या सुमारास आम्हाला रजा मिळते, कुलूप उघडतं. तीनच आठवडे उरले होते.

पिल्लाची आई गाडीखाली गेली आणि मावशीनं पिल्लू घरी आणलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लांसाठीची दूध पावडर दिली आणि बजावलं, "मावशी, ह्यात काही म्हणजे काही मिसळायचं नाही."

मावशीनं बोट बुडवून चाखलं. "शी, अगदीच फिकं! माझ्या पोरांनी असलं तोंडात धरलं नसतं." चमचाभर साखर पडली. पिल्लू मिटक्या मारू लागलं.

"जावयाचे केले नाहीस एवढे लाड," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले.

साखर माझ्या दारावरून तशीच पुढे गेली. फोडायला आत कुणी नव्हतंच. पिल्लाला जुलाब लागले.

"अहो, ताकद गेली हो ह्याची!" मावशी घाबरली, आणि दोन चमचे घातले. मग तीन.

मी उठलो असतो तर? पण उठायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. तोवर माझ्या चोख कामावरच ते पिल्लू नीट वाढत होतं.

डॉक्टर आले. "मावशी, साखर घातली होती?"

"साखरच घातली हो. विष नाही घातलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

मावशीनं एक रुमाल घेतला, कडक इस्त्री केली, गार होऊ दिला, आणि मग त्यात पिल्लू गुंडाळलं. चारही कोपरे जुळवले. पिल्लाचा श्वास थांबलाय, पेशी एकेक करून विझताहेत. मी अजून कुलपावरच आहे.

मित्रांनो, अनाथ पिल्लू सापडलं तर आपल्या जिभेला विचारू नका. जाणत्याला विचारा, आणि तो सांगेल तेवढंच करा. मावशीनं माया केली, मी पहारा केला. दोघांचीही किंमत मोजली त्यानं, ज्याचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते.