आंब्याभोवतीचा पार

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही अंगणात उभे आहात आणि कुणीतरी तुमच्याभोवती गळ्यापर्यंत माती भरतो आहे. तो तुमचा वैरी नाही. उलट त्याचा तुमच्यावर फार जीव आहे, म्हणून तो माती चांगली दाबून बसवतो, वरून रोज पाणी घालतो. तुम्हाला हलता येत नाही आणि ओरडायला तोंड नाही. कसे जगाल?

भिंगारच्या बिभीषण आबांनी हातातली पहार खाली ठेवली तेव्हा त्यांच्या मनात हेच आलं.

समोर त्यांच्या अंगणातला आंबा होता, शेंड्याकडून वाळत आलेला. त्याच्याभोवतीचा पार आबा सकाळपासून फोडत होते. तो त्यांनीच हौसेनं बांधला होता. रंगुबाईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे गुडघे धरले, त्यांना जमिनीवर बसता येईना. कोल्हारच्या माहेराहून आणलेल्या कोयीचं ते झाड. त्याच्या सावलीत भाजी निवडत बसायचं, एवढंच त्या बाईचं सुख. मग आबांनी विटांचं गोल कडं रचलं, आत खोडाला भिडेल अशी मुरूम-माती भरली, वर फरशी बसवली. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मोरीतून नळी आणून पारात सोडली. गल्लीतले लोक कौतुकानं बघून जायचे. लग्नातसुद्धा मला एवढा मान दिला नव्हता यांनी, असं रंगुबाई पारावर बसून सगळ्यांना ऐकवायच्या.

पुढं न्हाणीत त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या खाटेवर होत्या. खाटेवरून खिडकीतून आंब्याचा शेंडा तेवढा दिसे. पालवी फुटली की मला उचलून पारावर नेऊन बसवा, असं त्या रोज बजावायच्या. त्या आशेवरच त्या दोन घास जास्त खात होत्या, हे आबांना ठाऊक होतं.

यंदा पालवी फुटलीच नाही. म्हणून काल आबांनी रंगनाथला बोलावलं. तो त्यांचा जुना सोबती, सारा जन्म रोपवाटिकेत गेलेला. त्यानं फरशी उचकटून खोडाजवळच्या मातीत हात घातला. साल ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली, काळी, कुबट वासाची.

"बिभीषणा, गळा बुजवलास की रं झाडाचा. खोड मातीत शिरतं तिथं वारं लागाया पायजे. तू ते रोज वलं ठिवलंस."

"पानी वाया जाऊ नये म्हनून सोडलं हुतं."

"ते लई चांगलं केलंस. पन पानी लांब घालायचं, फांद्यांची सावली संपती तिथं. झाड तिथं पितंय."

"मग आता माती काढतो ना सगळी."

रंगनाथ हात पुसत राहिला. "काढ," तो म्हणाला. "तुझ्या जिवाला बरं वाटंल."

तीच माती आज निघाली होती. चौथीतली नात राजनंदिनी खुरप्यानं मुळांवरची माती हलकेच बाजूला करत होती, झाडाला दुखू नये अशा बेतानं. ती खोडाभोवती पूर्ण फिरून आली. जिथं तिथं तिनं नखानं साल खरवडून पाहिली. जिवंत झाडाच्या सालीखाली असतं तसं हिरवं कुठंच निघालं नाही. तिनं आबांकडं पाहिलं, आबांनी मान खाली घातली.

"अहो, कवाचं काय फोडताय?" आतून रंगुबाईंचा आवाज आला.

"फरशी हलत हुती. नीट बसवतोय."

"आन पालवी? मला हितनं धड दिसंना. फुटली का वो?"

आबा खाली वाकून उघड्या पडलेल्या मुळांवरची माती हातानं झाडू लागले.

राजनंदिनीनं खुरपं ठेवलं. हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि ती आत गेली. फणी घेऊन खाटेवर चढली, खिडकीकडं पाठ करून बसली.

"आज्जी, भिंतीकडं तोंड कर," ती म्हणाली. "तुझे केस लई गुंतलेत."

आणि अगदी सावकाश, एकेक गुंता सोडवत, ती आज्जीची वेणी घालू लागली.