टेलिफोनच्या तारेची गिटार

शनिवारी सकाळी अकरा वाजता दर्शनाच्या गिटारीनं मान टाकली. आणि मुहूर्त तरी कसला निवडला, तर संध्याकाळी पाचला सिद्धगडाच्या पायथ्याला हळद वाजवायची असताना!

दर्शना सापगावची, तेविशीतली, आणि महादूकाकांच्या बेंजो पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी. बेंजो पार्टीत गिटार कशाला, हा प्रश्न शहापूरपासून मुरबाडपर्यंत विचारून झाला होता. पार्टीचा राजा म्हणजे बेंजो, बटणं दाबून छेडायचं तारांचं वाद्य. तो महादूकाका स्वतः वाजवणार. मागे ढोल, ताशा, पॅड. एकदा ऐकलेलं गाणं ही पोरगी दुसऱ्यांदा जसंच्या तसं वाजवते, म्हणून काकांनी तिला दिवाळीत घेतलं खरं, पण तीन लग्नं झाली तरी तिची गिटार कुणाच्या कानावर म्हणून पडली नव्हती. ढोल-ताशा सुरू झाला की गिटार गायब. गेल्या लग्नात सामान टेम्पोत चढवताना काकांनी तिला बाजूला घेतलं.

"तुजी बोटं हालताना दिसतात गो, पण ऐकू काय येत नाय," ते म्हणाले. "शनिवारच्या हळदीत ऐकू आली तर ऱ्हा. नायतर मी मितेशला कीबोर्ड घेऊन बोलावतो. मंग रुसायचं नाय."

मितेश! ज्याला एका बोटानं वाजवता येतं आणि बाकीचं मशीन वाजवतं, तो मितेश! दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण काका खोटं बोलत नव्हते, तीच तर पंचाईत होती.

आता गिटारीचं घोडं कुठं पेंड खात होतं ते सांगायला हवं. या गिटारीला तारांखाली दोन पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत करंट उठतो आणि तोच स्पीकरमधून ओरडतो. दोनांपैकी पुढचा, मानेकडचा पिकअप गोड, पण घोंगडं पांघरून बोलल्यासारखा. मागचा खणखणीत. ताशासमोर उभं राहायचं तर मागचाच पाहिजे, आणि मेला नेमका तोच.

तिनं केबल बदलून पाहिली, स्विच साफ केला, सोल्डर पुन्हा मारला. ढिम्म! नवा पिकअप मागवला तर यायला चार दिवस. दर्शनानं गिटार पाठीला लावली, स्कूटीला किक मारली आणि थेट शहापूरच्या नाक्यावर हौसामावशीच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

हौसामावशी तिच्या आईची चुलत बहीण. तिचं मोटर वाइंडिंगचं दुकान. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरचे पंप तिच्या हातचे, आणि तोंड असं की जळालेली मोटरसुद्धा घाबरून सुरू व्हावी.

"काय आणलंस? मिक्सर?" मावशीनं मान वर न करता विचारलं.

"गिटार."

"गिटार? मी काय गिटारवाली हाय?"

"मावशी, आत कॉइल आहे. बघ तरी."

कॉइल म्हटल्यावर मावशीनं हातातलं टाकलं. दर्शनानं पिकअप काढून दिला. मावशीनं मीटर लावला, काटा हलेना. "तुटलीय आतून," ती म्हणाली आणि डोळ्याला भिंग लावून बघत बसली. मग एकदम तिचा चेहरा फुलला. "म्हंजे बघ, मोटरीत करंट घातला की ती फिरते. हिच्यात तार हालली की करंट भाईर येतो. अगो, ही उलटी मोटर झाली की! नुसतं फिरायच्या जागी गाते मेली!"

"होईल का पण?"

"व्हईल, पण असली बारीक तार कुठं हाय माझ्याकडं? पंपाची तार हिच्यापुढं दोरखंड."

मग मावशी उठली, माळ्यावर चढली आणि एक पोतं खाली ढकललं. आत काळे, डायल फिरवायचे टेलिफोन! घराघरांतले फोन बंद पडले तेव्हा लोकांनी भंगारात टाकले, ते मावशीनं उचलून आणले होते. तांबं दिसलं की तिच्यानं सोडवत नसे. "हेच्या घंटीत कॉइल असते," ती म्हणाली. "हिच्यापेक्षा जरा जाड हाय, पण चालवून घे."

घड्याळात साडेबारा. पंपाच्या मशीनवर तार लावली तर पहिल्याच झटक्याला तुटली. मग मावशीनं शेजारच्या टेलरिंगमधून शिलाई मशीन उचलून आणलं आणि बॉबिन भरतात त्या चाकावर जुनी तार उतरवलेला पिकअप बसवला. दर्शनानं चाक फिरवायचं, मावशीनं चिमटीत तार धरायची. "कुठल्या अंगानं गुंडाळू?" मावशीनं विचारलं.

"गुंडाळ कशी पण, टाइम नाही!"

बोटांना पावडर लावून मावशी बसली. तार दिसतसुद्धा नव्हती, नुसती तिच्या बोटांतून सरकत होती. हजार वेढ्यांवर तुटली. शिवी, सोल्डर, पुन्हा सुरू. बावीसशेवर तुटली. मोठी शिवी, सोल्डर, पुन्हा सुरू! मावशीच्या बोटांवरून दर्शनाची नजर हटेना.

"माहितेय का मावशी," चाक फिरवता फिरवता ती म्हणाली, "अमेरिकेत पहिल्या पहिल्या गिटारी बनायच्या ना, तेव्हा कारखान्यात बायकाच बसायच्या कॉइल गुंडाळायला. अशाच, हातानं तार धरून. वेढे वेडेवाकडे पडायचे, म्हणून प्रत्येकीच्या कॉइलचा आवाज वेगळा. आज लोक त्या जुन्या गिटारी शोधत फिरतात."

"आनि बायांची नावं?"

"एकदोघींची माहितेत."

"तेवढी तरी," मावशी फुस्सकन हसली. "फिरव तू. हात थांबवू नको."

दोनला कॉइल भरली. मीटरचा काटा हलला तेव्हा दर्शनानं मावशीला गच्च मिठी मारली. मावशी सवयीनं वार्निश घ्यायला गेली, पण ते वाळायला दिवस गेला असता. शेवटी वाटीत मेणबत्त्या वितळवून दर्शनानं कॉइल त्यात बुचकळली. वेढे आत सैल राहिले तर स्पीकर शिट्ट्या मारतो, आणि मेण त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं, हे तिनं फोनवर दहा वेळा पाहिलं होतं. गिटार जोडली, दुकानातल्या रेडिओच्या स्पीकरला लावली, एक तार छेडली. टण्ण! नाक्यावरचे दोन रिक्षावाले वळून बघायला लागले.

"दुकान बंद," मावशीनं शटर ओढलं. "मी येतेच. माझ्या हातची कॉइल गाताना मी आजवर ऐकली नाय."

पाचला हळद सुरू झाली. मांडवात पिवळी पिवळी माणसं, अंगणात पार्टी, जनरेटरची घरघर. महादूकाकांनी बेंजोवर सुरुवात केली, ताशा कडाडला, ढोल उठला आणि सगळं अंगण नाचायला लागलं. दर्शनानं स्विच मागच्या पिकअपवर टाकला आणि जीव तोडून वाजवायला लागली.

वाजत होतं! स्वच्छ वाजत होतं! पण दोन गाण्यांत तिच्या लक्षात आलं, की तिच्या स्वतःच्या पायाशी स्पीकर होता म्हणून तिलाच तेवढं ऐकू येत होतं. जाड तारेचे वेढे कमी बसले होते, कॉइलचा जोर अपुरा. काकांनी मान वळवून कानाला हात लावला आणि नकारार्थी हात हलवला. नवरदेवाच्या पाठीशी उभ्या मावशीचा चेहरा उतरला होता.

तिसरं गाणं सुरू झालं. दर्शनानं मनाशी म्हटलं, नाहीतरी बुडायचंच आहे, तर दोन्ही पिकअप एकदम लावून बघू, दोघे मिळून तरी ओरडतील! तिनं स्विच मधे ढकलला.

आणि आवाज वाढायच्या जागी जाडपणाच गेला! सगळा खर्ज उडून गेला, उरला तो बारीक, नाकातला, धारदार सूर. मेले, असं तिच्या मनात आलं. पण बोटं थांबली नाहीत, आणि खर्जानं स्पीकर फाटेल म्हणून आवरून ठेवलेलं आवाजाचं बटण तिनं शेवटपर्यंत पिळलं.

तो सूर ढोलाच्या खाली गेलाच नाही. ढोलाचा खर्ज एकीकडे, ताशाची कडकड दुसरीकडे, आणि दोहोंच्या मधून हा सूर सुईसारखा आरपार निघाला. मांडवात हळद कालवत बसलेली नवरदेवाची थोरली आत्या गिरजा हात तसेच ठेवून उठली. "सनई आणली का रे कोणी?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पदर खोचून अंगणात उतरली. तिच्यामागे म्हाताऱ्या आल्या, म्हाताऱ्यांमागे सुना आल्या. दर्शनानं तारा ओढल्या, सूर वर चढवला, घसरवला, पुन्हा चढवला, आणि प्रत्येक वेळी अंगण तिच्याबरोबर चढत होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढी माणसं तिच्या बोटांवर नाचत होती!

मग एक गोष्ट झाली, जी पार्टीत कुणी पाहिली नव्हती. महादूकाकांनी बेंजोवरचा हात उचलला. ते वाजवायचे थांबले आणि नुसते ऐकत उभे राहिले.

गाणं संपलं तेव्हा शिट्ट्यांनी मांडव हलला. मावशी गर्दीतून वाट काढत आली, पण तिचा चेहरा चोरासारखा. "पोरी, चूक माझी," ती म्हणाली. "मी उलट्या अंगानं गुंडाळली. दोघी कॉइली एकमेकींचा जोर खातात, म्हणून आवाज असा नाकात गेलाय. उद्या दुकानात ये. दोन टोकं पलटायची, पाच मिनटांचं काम. सुलटी करून देते."

दर्शनानं तोंड उघडायच्या आत महादूकाका मधे येऊन उभे राहिले. "ओ हौसाबाई! त्या तारेला हात लावलात ना, तर तुमच्या दारात येऊन ढोल बडवीन!" ते ओरडले. "तीस वर्सं वाजवतोय मी, असला सूर माझ्या हातातून कधी निघाला नाय. सोमवारी किन्हवलीची हळद हाय, आन् हाच आवाज घेऊन जायचाय आपल्याला!"

"आणि मितेश?" दर्शनानं विचारलं.

"कोण मितेश?" काका म्हणाले. त्यांनी आपला बेंजो उचलून ढोलाच्या शेजारी नेऊन ठेवला आणि पुढची, मधली जागा मोकळी केली. "उभी काय ऱ्हायलीस? ये पुढं. गाणं तू धर, आमी तुज्या मागनं येतो."

दर्शनाला हसू येत होतं आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिनं बाहीनं नाक पुसलं, पुढं जाऊन मधे उभी राहिली आणि चौथं गाणं धरलं.