रिक्षातला अंगठा

जुन्या रिक्षांच्या धडधडाटात शिंपीणकाकूंच्या नवऱ्याच्या सगळ्या सवयी खपून जायच्या. बॅटरीवरची रिक्षा मात्र मुळीच आवाज करत नाही. त्या दिवशी समोरासमोरच्या बाकांवर, गुडघ्याला गुडघे लागतील अशा दाटीत, काकांनी चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि खिशातून नेलकटर काढला. कट्! आवाज पार चालकापर्यंत गेला.

काकूंनी ओळख नसल्यासारखं बाहेर बघायला सुरुवात केली. दुसरं नख उडालं ते थेट शेजारच्या नर्सच्या पांढऱ्याशुभ्र ओढणीवर. तिने ते चिमटीत धरून बाहेर टाकलं आणि तोंड वाकडं केलं.

"काय एकेक माणसं असतात! घरी कुणी सांगत नसेल का हो?"

"सांगून सांगून थकले असतील," काकू हळूच म्हणाल्या.

एवढ्यात काकांनी मान वर न करताच फर्मावलं, "अगं, अंगठा राहिलाय. जरा पिशवी धर ना खाली."

सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. त्यांना नखांची किळस आलीच होती, आता आपल्या संसाराचीही आली.

"दादा, थांबवा इथेच," त्या म्हणाल्या.

"अगं, घर लांब आहे अजून!"

"तुम्ही अंगठा उरका."

उन्हातून पाय ओढत त्या घरी पोचल्या, तेव्हा काका दारातच पाय पसरून बसले होते. "बघ, कसे स्वच्छ झाले!"

काकूंना त्या दिवशी घास गेला नाही.