नऊ चौकोन

डॉक्टर तेंडोलकर जखमेकडे कधी बघत नसत, जखमेच्या चित्राकडे बघत. मालन सिस्टरला त्यांचा तिटकारा यायला एवढं पुरेसं होतं. शिकाऊ पोरांपुढे उठसूट अक्कल पाजळणं हे आणखी वर.

कांदिवलीच्या त्या इस्पितळात चौऱ्याऐंशी साली साहेबांनी मधुमेही माणसांच्या पायांवर संशोधन मांडलं होतं. पपईच्या चिकाची पूड चिघळलेल्या जखमेत भरायची आणि दर बुधवारी जखम मोजायची. मोजायची म्हणजे मालनने. धुऊन कोरी केलेली एक्स-रेची फिल्म तिने जखमेवर धरायची, काठाकाठाने पेनने रेघ ओढायची आणि फिल्म साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. साहेब ती आलेखाच्या कागदावर ठेवून आत किती चौकोन बसतात ते मोजायचे. वासाने मळमळतं म्हणून ड्रेसिंगच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. पायांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला पायांचीच किळस! वीस वर्षांच्या नोकरीत मालनने बरेच दिवटे डॉक्टर पाहिले होते, पण असला नग पहिलाच.

कुंडलिक साळवे हा साहेबांचा लाडका पेशंट. दिंडोशीच्या वसाहतींत पत्रं वाटणारा पोस्टमन. चपलेचा खिळा तळव्यात घुसला तरी दोन दिवस त्याला पत्ता लागला नव्हता, इतकी पायाची जाणीव गेलेली. त्याची जखम महिन्याभरात चाळीस चौकोनांवरून नऊवर आली, आणि तेंडोलकर हा आकडा वॉर्डभर मिरवत सुटले. कुंडलिकला चौकोनांशी काय देणंघेणं?

"पाय हाय तर मी पोस्टमन हाय, सिस्टर," तो दर बुधवारी म्हणायचा. "एवढा पाय राखा माझा."

त्या बुधवारी रेघ ओढून झाली आणि मालनला वास आला. जखमेचं तोंड एवढंसं, पण वास जुना, आतला. तिने बोथट सळई आत घातली. ती बोटभर सरकली आणि टक् करून हाडाला लागली. वरून कातडी जुळत होती आणि खाली पू कोंडून हाड सडत चाललं होतं.

"बरं हाय ना, सिस्टर?" कुंडलिकने विचारलं.

"भरतंय हळूहळू," ती म्हणाली.

हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, आणि ते तिला चांगलं कळत होतं. पण मागे एकदा तिने अशीच शंका काढली, तेव्हा साहेब सगळ्या पोरांसमोर म्हणाले होते, "सिस्टर, तुम्ही पट्ट्या बांधा ना. डोकं चालवायला आम्ही आहोत." पोरं फिदीफिदी हसली होती. ते हसणं अजून सलत होतं. पुढच्या बुधवारी मोठे सर्जन हे संशोधन बघायला यायचे होते. त्यांच्यासमोर, भर वॉर्डात, हीच सळई घालायची. हाडाचा आवाज चारचौघांना ऐकवायचा आणि या शहाण्याला तोंडघशी पाडायचं. आठ दिवसांनी काय होतंय, असं मनाशी म्हणत तिने केसपेपरवर सळईचं काही न लिहिता साहेबांनी मागच्या बुधवारी मोजलेले 'नऊ चौकोन' तेवढे उतरवले आणि फिल्म टेबलावर नेऊन ठेवली.

"झकास!" तेंडोलकर मान वर न करता म्हणाले. "बघा, संशोधन म्हणजे काय असतं ते."

"बघतेय ना," मालन म्हणाली.

पुढच्या बुधवारी कुंडलिक आला तो बायकोच्या, शकूच्या, खांद्यावर भार टाकून. अंगात फणफणून ताप, पोटरी लालबुंद, तळवा काळा पडलेला. सळईची गरजच उरली नव्हती. मोठे सर्जन वाकले, त्यांनी पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाले, "गुडघ्याखाली काढावा लागेल. आजच."

मालन तेंडोलकरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आठ दिवस तिने याच क्षणाची वाट पाहिली होती. पण त्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. साहेबांनी वहीतलं कुंडलिकचं नाव तिरप्या रेघेने खोडलं.

"हा अभ्यासातून बाद, सर. घरी काळजी घेतली नसणार. या लोकांना कितीही सांगा!"

असला निगरगट्ट माणूस. लाज नावाची चीज त्याच्याजवळ नव्हतीच, मग जाणार काय?

"कधीपासून आहे हे?" सर्जननी कुंडलिकला विचारलं.

"सिस्टरना इचारा, साहेब," तो तापातही हसून म्हणाला. "त्यांनी मागल्या बुधवारी सळई घातली, तवा टक् वाजलं आत. पर भ्यायचं कारण नसणार. कायबी असतं, तर सिस्टर बोलल्या असत्या."

सर्जन मालनकडे वळले. तेंडोलकरांना दिसलंच नव्हतं; तिला दिसलं होतं. इतके दिवस त्या माणसासाठी साठवलेला सगळा तिरस्कार तिच्या घशाशी आला, आणि तो टाकायला तिला स्वतःशिवाय दुसरं कुणी सापडेना.

शकूने तिचा हात घट्ट धरला. "सिस्टर, आपरेशनला तुमीच ऱ्हावा जवळ. आमचा दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई."